"नको बाई, मला कुठं येतंय!"

मैत्रिणींनो, तुमच्या गावात मुलांसाठी काही ना काही चालू असेलच. कुठे देवळाच्या ओट्यावर बालसंस्कार वर्ग, कुठे जैन मंदिरातली पाठशाळा, कुठे विहारातला रविवारचा धम्मवर्ग, कुठे चर्चमधलं संडे स्कूल, तर कुठे मे महिन्यातलं वारकरी बाल शिबिर. नावं वेगळी, दैवतं वेगळी, पण एक गोष्ट सगळीकडे अगदी सारखी. मुलं चाळीस आणि त्यांना सांभाळणारी माणसं दोन! त्या दोघींपैकी एकीच्या घरी लग्न निघालं किंवा एकीच्या यजमानांची बदली झाली, की वर्गाला कुलूप.

मुलं मिळत नाहीत अशी तक्रार कधी ऐकलीय का? नाही ना? मुलं तर चॉकलेटच्या कागदासाठीसुद्धा गोळा होतात. मिळत नाहीत त्या ताया, काकू आणि मावश्या. आज लिहायचंय ते त्यांच्याबद्दल. म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दलच.

मी शिरड शहापूरची. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं हे मोठं गाव. मल्लिनाथ भगवानांच्या जैन मंदिरामुळे बाहेरगावचे भाविकही आमच्या गावाला ओळखतात. औंढ्याचं ज्योतिर्लिंग जवळ, नामदेव महाराजांची नरसी आमच्याच जिल्ह्यात. म्हणजे भक्तिभावाची कमतरता नाही. काम मागितलं तर सप्त्यात पोळ्या लाटायला पन्नास बाया येतात, रात्रभर चुलीपुढं बसतात आणि तक्रार करत नाहीत. पण त्यातल्याच एकीला म्हणून बघा, "वैनी, रविवारी एक तास लेकरांना गोष्ट सांगता का?" लगेच पदर तोंडाला. "नको बाई, मला कुठं येतंय!"

सहा वर्षांपासून आम्ही काही जणी दर रविवारी सकाळी एका ओसरीवर मुलांचा वर्ग घेतो. गोष्ट, गाणं, थोडं वाचन, थोडी चित्रं आणि नखं-केसांची तपासणी, इतकंच. कुठल्या एका जातीधर्माचा तो नाही. आठ मुलांनी सुरुवात झाली, आता चाळीसच्या आसपास असतात. दिवाळी झाली की आमच्या भागातली काही कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि मागे लेकरं आजी-आजोबांपाशी राहतात. त्या दिवसांत ओसरी पुरत नाही. अशाच एका हंगामात आमच्या चौघींपैकी दोघी एकदमच कमी झाल्या. एकीच्या लेकीचं बाळंतपण आलं, दुसरी मुलाकडे पुण्याला गेली. उरलो दोघी. आई-बाप कारखान्यावर गेलेला एक मुलगा निघताना दर वेळी विचारायचा, "पुढच्या रविवारी आहे ना वर्ग?" त्याला "आहे" म्हणायचं तर अजून चार हात हवे होते. मी अकरा घरी गेले आणि अकराही घरी नकार घेऊन आले. त्यातल्या सहा जणी आज आमच्याबरोबर आहेत. हे कसं झालं, ते सांगते.

संडे स्कूलची मावशी

माझं माहेर जालन्याचं. तिथली ख्रिस्ती वस्ती जुनी. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं होतं. माझ्या वर्गमैत्रिणीची आई चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती म्हणायची, "अगं, पोरं गोळा करायला घंटा पुरते. बाया गोळा करायला घरोघरी चहा प्यावा लागतो." तेव्हा हसू यायचं. आता पटतं.

या संडे स्कूलचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. इंग्लंडमध्ये हॅना बॉल नावाच्या बाईनं १७६९ साली हाय विकम इथे रविवारी मुलांना जमवून शिकवायला सुरुवात केली. पुढे १७८० साली ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्राच्या संपादकानं तेच काम वाढवलं. तिथली गरीब मुलं आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यात राबायची. मोकळा वार एकच, तो म्हणजे रविवार. म्हणून शाळा रविवारी. आणि ऐका, रेक्सनंसुद्धा सुरुवातीला शिकवायला बायका पैसे देऊन ठेवल्या होत्या. फुकट काम करणाऱ्या स्वयंसेविका पुढे हळूहळू तयार झाल्या आणि त्यांच्या बळावर ही शाळा जगभर गेली. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशननं १८७३ साली मुलांसाठी 'बालबोधमेवा' मासिक काढलं, त्यामागेही हीच तळमळ होती की मुलांच्या हाती काहीतरी चांगलं पडावं. सांगायचा मुद्दा हा, की "आजकाल लोक पुढे येत नाहीत हो" ही रड आजकालची नाही. माणसं आपणहून क्वचितच पुढे येतात. त्यांना आणावं लागतं. प्रश्न एवढाच, की आणायचं कसं?

"नाही"च्या आत काय असतं?

त्या अकरा नकारांवर मी रात्री बसून विचार केला. प्रत्येकीचं "नाही" वेगळं होतं.

काही जणींचं "नाही" म्हणजे भीती. "माझं शिक्षण सातवी. पोरांनी काही विचारलं आणि मला नाही आलं तर? गावात हसं होईल." काहींचं "नाही" म्हणजे खरोखरच वेळ नसणं. सोयाबीनची कापणी चालू असताना किंवा हळद शिजवायच्या दिवसांत कोणाला फुरसत असते हो? एकीचं "नाही" म्हणजे घरची परवानगी. "सासूबाई म्हणतील, आपली दोन लेकरं सांभाळा म्हणावं आधी." आणि बऱ्याच जणींचं "नाही" म्हणजे अडकायची धास्ती. एकदा हो म्हटलं की जन्मभराचं गळ्यात पडेल! ही धास्ती उगाच नाही बरं. आपल्याकडे एकदा का एखादीनं सार्वजनिक कामात हात घातला, की सगळे तिच्या भरवशावर निवांत होतात.

आपण मात्र या चारही प्रकारांना एकच औषध देतो, ते म्हणजे उपदेश. "अहो, देवाचं काम आहे. मुलं हीच उद्याची पिढी." हे काय त्यांना माहीत नाही? उपदेशानं भीती जात नाही, वेळ वाढत नाही आणि सासूबाईंची समजूतही पटत नाही. उलट आपण कमी पडतो असं वाटून बाई रस्ता बदलायला लागते. समोरून आपण येताना दिसलो की ती दुसऱ्या गल्लीत वळते! म्हणून पहिलं काम कुठलं, तर "नाही" ऐकून घेणं आणि त्याच्या आत काय आहे ते ओळखणं.

दवंडी आणि खुलभर दूध

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपण सगळ्यांनीच ऐकलीय. राजाला वाटलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. त्यानं दवंडी पिटवली, सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणावं. लोकांनी धाकानं आणलं, घरची पोरं आणि वासरं उपाशी राहिली, पण गाभारा काही भरला नाही. मग एक म्हातारी आली. तिनं आधी घरच्यांना दूध दिलं होतं, वासरांना पाजलं होतं, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन ती आली. तेवढ्यानं गाभारा भरला.

स्वयंसेविका मिळवायचं सगळं शास्त्र मला या कहाणीत दिसतं. दवंडी पिटवून माणसं मिळत नाहीत. आरतीनंतर माइकवरून सांगितलं, "मुलांच्या वर्गासाठी भगिनींनी पुढे यावं," की पन्नास बाया ऐकतात आणि प्रत्येकीला वाटतं, उरलेल्या एकोणपन्नासांपैकी कोणीतरी जाईल. १९६८ साली अमेरिकेत डार्ली आणि लाताने या दोघा मानसशास्त्रज्ञांनी याचा प्रयोगच केला. शेजारच्या खोलीतल्या माणसाला अचानक झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारा एकटाच आहे असं त्याला वाटत होतं, तेव्हा शंभरातले पंच्याऐंशी जण त्याला झटका आलेला असतानाच मदतीला उठले. अजून चार जण ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा उठणारे एकतीसच! ही माणसं काही दगडाच्या काळजाची नव्हती. "कोणीतरी जाईल" एवढंच त्यांना वाटलं.

म्हणून माइक सोडा आणि उंबरा चढा. एकीला, तिच्या घरी, तिचं नाव घेऊन विचारा. आणि "तुम्ही या" एवढंच नाही, तर "तुम्हीच का" तेही सांगा. आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या काकू ओव्या फार गोड म्हणतात. मी त्यांना म्हटलं, "काकू, आमच्या पोरांना सिनेमाची गाणी येतात, पण जात्यावरची ओवी एकालाही माहीत नाही. तुमच्याशिवाय कोण सांगणार?" काकू शाळेत गेलेल्या नाहीत, सही कशीबशी करतात. पण ओवीसाठी त्या आल्या. आपल्याकडे काहीतरी आहे आणि ते दुसरीकडे नाही, हे कळलं की माणूस हलतो.

कहाणीतली दुसरी गोष्टही विसरू नका. म्हातारीनं घर उपाशी ठेवलं नव्हतं. ज्या कामासाठी बाईला घरची चूल बंद करावी लागते, ते काम फार दिवस टिकत नाही. आम्ही हळदीच्या हंगामात वर्ग तासाभराचा करतो आणि कोणाची पाळी असेल ते तिच्या शेतातल्या कामाकडे बघून ठरवतो. खुलभर मागा, पण घर सांभाळून द्यायला सांगा.

आधी बोट, मग हात

आता "मला येत नाही"चं काय करायचं? पहिल्याच दिवशी चाळीस पोरांपुढं उभं केलं, तर भल्याभल्यांचे पाय लटपटतात. आमच्या इथं पहिलं काम असं दिलं जातं, की त्याला "येत नाही" म्हणताच येत नाही. "वैनी, पोरांना पाणी द्यायला या." "मावशी, तुम्ही नुसत्या बसा, दंगा कमी होतो." चार रविवार नुसतं बसलं की बाईला कळतं, अरे, हे तर आपल्या घरच्या लेकरांसारखंच आहे की! पाचव्या रविवारी ती आपणहून एखाद्याची वेणी घालते, सहाव्याला कोणाची तरी पाटी धरून अक्षर गिरवून घेते.

१९६६ साली अमेरिकेतल्या फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी हेच तपासलं होतं. "तुमच्या अंगणात 'गाडी जपून चालवा' असा भला मोठा बेढब फलक लावू द्याल का?" असं लोकांना विचारलं. शंभरातल्या जेमतेम सतरा जणांनी होकार दिला. पण दुसऱ्या काही लोकांना आधी तशाच संदेशाची बोटभर पाटी खिडकीत लावायला दिली आणि दोन आठवड्यांनी मोठ्या फलकाचं विचारलं. तेव्हा शंभरात शहात्तर जण हो म्हणाले! लहान हो म्हटलं की मोठ्या होकाराची वाट मोकळी होते. आपल्या आज्या सुनेला आधी कणीक मळायला द्यायच्या, पुरणपोळीची पाळी नंतर यायची. तेच हे.

एक मात्र बजावते. ही युक्ती कोणाला गुंगवून अडकवायला नाही. पाणी द्यायला आलेल्या बाईला पाणीच द्यायचं असेल, तर तिला आनंदानं तेवढंच करू द्या. आमच्या एक आजी दोन वर्षं फक्त चपला ओळीनं लावायचं काम करतात. त्यांच्यामुळे मुलांना शिस्त लागली, ती माझ्या भाषणांनी लागली नसती.

समितीत नको, कामात घ्या

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ च्या सुमारास 'प्रथम' या संस्थेबरोबर अभ्यासकांनी एक पाहणी केली. त्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. काही गावांत लोकांना शाळेच्या समितीची माहिती दिली, सभा घेतल्या, हक्क समजावले. त्यानं पालकांचा सहभाग काही वाढला नाही. पण जिथे गावातल्याच तरुणांना थोडं प्रशिक्षण देऊन "मुलांना वाचायला शिकवा" असं नेमकं काम दिलं, तिथे पोरं-पोरी पैसे न घेता पुढे आली. त्या वर्गांना जी मुलं गेली त्यांचं वाचनही सुधारलं. म्हणजे बघा, माणसं आळशी नव्हती. त्यांना सभा नको होती, काम हवं होतं.

आपल्या महाराष्ट्रातही २०२२ साली सुरू झालेल्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमात माता गट केले गेले. पहिलीत जाणाऱ्या लेकराकडून घरच्या घरी काय करून घ्यायचं, त्याचे सोपे कागद आयांना दिले जातात. डाळ-तांदूळ निवडणं, भाज्या मोजणं, वस्तू ओळखणं. अशी सोपी, हातात धरता येणारी कामं मिळाली, की "आम्हाला काय कळतंय" म्हणणारी आईही बसते.

आम्हीही तेच धोरण ठेवलंय. नव्या बाईच्या हातात गुरुवारीच एक कागद जातो. कोणती गोष्ट, ती कुठे थांबवायची, कोणते तीन प्रश्न विचारायचे, कोणतं गाणं. साहित्य काय लागेल तेही लिहिलेलं. चिंचोके, गोट्या, पानं, जुनी वर्तमानपत्रं. तयारीचा बोजा निघाला की अर्धी भीती आपोआप जाते.

बोर्डीच्या अंगणात

हे सगळं बोलताना मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. ताराबाईंनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई बालवयातच विधवा झालेल्या. शिकून पुण्यात शिक्षिकेची नोकरी करत होत्या, ती बांधलेली नोकरी सोडून त्या ताराबाईंच्या हाकेला गेल्या. शाळा तर उघडली, पण वस्तीतली मुलं काही येईनात. आईबाप मजुरीला, मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड. शाळेत कोण येणार? मग या बायकांनी ठरवलं, मुलं येत नाहीत ना, आपण जाऊ. त्या वस्तीतल्या अंगणात गेल्या, लेकरांना आंघोळी घातल्या, केस विंचरले आणि तिथेच शाळा भरवली. त्यातूनच 'अंगणवाडी' हा शब्द आला. तोच शब्द १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर गेला. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. तिथे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. शिकवायचं साहित्य म्हणजे शंख-शिंपले, बिया, पानं.

माझ्या मते यातला आपल्यासाठीचा धडा असा. मुलं येत नाहीत तेव्हा आपण मुलांच्या अंगणात जातो. मग बाया येत नाहीत तर आपण बायांच्या अंगणात का जाऊ नये? आमच्या एका वैनींना घर सोडून येता येत नव्हतं, सासरे अंथरुणाला खिळलेले. आम्ही म्हटलं, दर महिन्याचा दुसरा रविवार तुमच्याच अंगणात. पंधरा लेकरं तिथं जातात. सासऱ्यांच्या खाटेभोवती बसून त्यांच्याकडून रझाकाराच्या काळातल्या गोष्टी ऐकतात. वैनींना घर सोडावं लागलं नाही, आजोबांना बोलायला माणसं मिळाली आणि आम्हाला एक ताई मिळाली.

तारीख ठरवा, जोडी ठरवा

अडकायची धास्ती घालवायला एकच उपाय आहे, शेवटची तारीख आधी सांगणं. "संक्रांतीपासून गुढीपाडव्यापर्यंत, महिन्यातून दोन रविवार." पाडव्याला आम्ही नारळ आणि हळदीकुंकू देऊन त्या बाईला खरोखर मोकळं करतो. पुढं यायचं की नाही, हे तिनं ठरवायचं. गंमत अशी, की दार उघडं ठेवलं की माणसं थांबतात. मोकळ्या केलेल्यांपैकी बहुतेक जणी पंधरा दिवसांनी विचारत येतात, "काय हो, माझी पाळी कधी?"

दुसरा नियम जोडीचा. कधीही एकटीला मुलांपुढं सोडत नाही, एक जुनी आणि एक नवी. याचा फायदा नव्या बाईला आहेच, पण मुलांच्या सुरक्षेसाठीही तो हवा. हे जरा स्पष्टच बोलते. मुलांच्या वर्गाला माणसं कमी पडतात म्हणून कोणीही आलं तर घ्या, असं करू नका. येणारा माणूस बाई असो वा पुरुष, गावाच्या ओळखीचा असावा, चार ठिकाणी चौकशी केलेली असावी. मोठ्या माणसानं एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही. दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं हवं. बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे. असा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणं हासुद्धा त्या कायद्यानं गुन्हा आहे. अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ हा नंबर आमच्या ओसरीच्या भिंतीवर मुलांना दिसेल असा लिहिलाय. काही जणींना वाटतं, असे नियम लावले तर माणसं बिचकतील. अनुभव उलटा आहे. नियम आहेत म्हणून घरची माणसं निर्धास्तपणे सुना-लेकींना पाठवतात.

आणि सासूबाईंचं काय? सुनेची परवानगी मागायला गेलं की त्या नाही म्हणतात. म्हणून आम्ही आधी सासूबाईंनाच बोलावतो! नातवंडं गोष्ट म्हणताना, हात जोडून बसलेली बघितली की त्या शेजारणीला सांगतात, "आमची सून शिकवते हो तिथं." मग सुनेला रविवारी सकाळी भांडी घासायला कोणी थांबवत नाही. घरातल्या पुरुषांनाही लांब ठेवू नका. एकीच्या यजमानांनी मुलांना सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं, त्या दिवशी वर्गात मुलगे कधी नव्हे इतके चूप होते.

शाबासकी वेळेवर

पगार नाही, भत्ता नाही, मग माणूस टिकतो कशावर? कोणीतरी बघतंय, कोणाला तरी फरक पडतोय, यावर. वर्षाच्या शेवटी शाल-श्रीफळ देऊन भागत नाही. त्याच दिवशी, त्याच कामाबद्दल बोलावं लागतं. "तुम्ही आज त्या रडणाऱ्या पोरीला जवळ घेतलंत ना, ती जाताना हसत गेली." एवढं एक वाक्य पुढचे चार रविवार पुरतं. आणि एखादी आली नाही तर "का नाही आलात?" असं दरडावण्याऐवजी "बरं आहे ना घरी?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नानं ती बाई तुटते, दुसऱ्यानं जोडली जाते.

तरीही काही जणी नाहीच म्हणतील. म्हणू द्या. अकरांपैकी पाच जणी आमच्याकडे अजून आलेल्या नाहीत. पण त्यातली एक दर महिन्याला शेंगदाण्याचे लाडू पाठवते, एक स्वतःच्या मुलांना न चुकता धाडते. तेही कामच आहे. जिला लेकरांचा खरंच वैताग येतो, तिला मारून मुटकून आणलं तर त्याची झळ लेकरांनाच लागते. प्रत्येकीनं शिकवलंच पाहिजे असं नाही.

ज्या सहा जणी आल्या, त्यांच्यात काय बदललं ते मात्र सांगायलाच हवं. सातवी शिकलेल्या आमच्या वैनी आता गोष्ट आधी दोनदा वाचून येतात. वाचता वाचता त्यांना वाचायची गोडी लागली आणि वर्गासाठी आलेली पुस्तकं त्या घरी नेतात. ओव्या सांगणाऱ्या काकूंना मुलींनीच अक्षरं शिकवली, त्या आता नाव न अडखळता लिहितात. ग्रामसभेत कधी तोंड न उघडलेली एक जण परवा शाळेच्या पाण्याच्या टाकीबद्दल उभी राहून बोलली. चाळीस पोरांपुढं बोलायची सवय झाली, की मोठ्यांपुढं बोलणं सोपं जातं म्हणे! आपण मुलांसाठी म्हणून वेळ काढतो, पण त्यातला बराचसा आपल्याच पदरात परत येतो.

आणि तो "पुढच्या रविवारी आहे ना?" विचारणारा मुलगा? त्याचे आई-वडील हंगाम संपवून आले तेव्हा त्याची आई ओसरीवर आली. म्हणाली, "बाई, आम्ही तिकडं होतो तेव्हा याला तुम्ही बघितलंत. मला काही येत नाही, पण झाडून काढू का?" मी तिला नाही म्हटलं नाही. आता गावात असते तोवर दर रविवारी सगळ्यांच्या आधी तीच येते आणि ओसरी झाडते.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावातल्या मुलांच्या वर्गाला माणसं हवी असतील, तर माइक हातात घेऊ नका. एक नाव मनात धरा. तिच्या घरी जा, चहा घ्या, तिचं "नाही" नीट ऐका. मग एक लहानसं काम सांगा, त्याची शेवटची तारीख सांगा आणि सोबतीला मी आहे म्हणा. आणि हो, उद्या कोणी तुमच्याच दारात असा चहा प्यायला आलं, तर "मला कुठं येतंय" म्हणायच्या आधी जरा थांबा. लेकराची वेणी घालता येते ना? पाणी देता येतं ना? सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.